ज्याला थांबता येते, त्याचा भाव

प्रश्न असा आहे: कांद्याचा भाव नक्की कोण ठरवतो? बाजार समितीतले मोजके व्यापारी, मोठ्या कंपन्या, की दिल्लीतले सरकार? आणि बाजार समिती बाजूला सारून गावातल्या शेतकऱ्यांनी स्वतःची उत्पादक कंपनी काढली, तर ही सत्ता त्यांच्या हाती येईल का? विचारणारे नाशिक जिल्ह्यातले तरुण कांदा उत्पादक आहेत. मी एका बाजार समितीत अठरा वर्षे नोकरी केली, लिलावापासून हिशोबापर्यंतची सगळी टेबले पाहिली, आणि पुढची काही वर्षे एका शेतकरी उत्पादक कंपनीचे व्यवहार सांभाळले. काट्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून जे दिसले त्यावरून हे उत्तर देत आहे.

थोडक्यात सांगायचे तर माल कोणाचा आहे यावर कांद्याचा भाव ठरत नाही. तो थांबण्याच्या ऐपतीवर ठरतो. ज्याच्याकडे साठवायला जागा, हातात रोकड आणि दूरच्या बाजाराची खबर आहे तो थांबू शकतो. ज्याला सोसायटीचे कर्ज जूनअखेर भरायचे आहे तो थांबू शकत नाही. व्यापाऱ्याची सत्ता या ऐपतीतून येते. सरकारची सत्ता निराळी आहे. शेतकरी जिद्दीने थांबलाच, तर त्याच्या थांबण्याचे मोल एका अधिसूचनेने घालवता येते, आणि ही ताकद कोणत्याही व्यापाऱ्याकडे नाही. आपल्याकडच्या चर्चेत या दोन सत्तांची नेहमी गल्लत होते आणि रागाचा रोख सोयीप्रमाणे इकडून तिकडे फिरतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पाहिलेल्या बऱ्या.

आधी लिलाव कसा होतो ते पाहू. नाशिक पट्ट्यात कांदा मोकळा येतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये. सोलापूरसारखा गोण्यांत भरून अडत्याच्या, म्हणजे दलालाच्या, गाळ्यावर उतरत नाही. सकाळी आवारात वाहनांच्या ओळी लागतात. समितीचा लिलाव कर्मचारी पुढे आणि त्याच्याभोवती खरेदीदारांचा घोळका, असा तो ताफा एकेका वाहनापाशी थांबत जातो. कोणीतरी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो, वरचे कांदे बाजूला सारून खालचा एक बाहेर काढतो, पत्ती म्हणजे वरचे टरफल पाहतो, मान दाबून पाहतो, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती निघेल याचा मनाशी अंदाज बांधतो. बोली सुरू होते आणि मिनिटभरात संपते. कर्मचारी भाव पुकारून सौदा पट्टी फाडतो, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो.

भाव पटला नाही तर शेतकऱ्याला सौदा नाकारता येतो, आणि मी पाहिले आहे की हा हक्क लिलावात पाळलाही जातो. अडचण पुढची आहे. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर आणखी एका दिवसाचे भाडे अंगावर पडते, भरलेला कांदा उन्हात तापत राहतो, आणि दुपारच्या सत्रात बोली लावायला येणारी माणसे तीच असतात, ज्यांनी सकाळचा आकडा ऐकलेला आहे. नाकारलेले सौदे मी नोंदवहीत पुष्कळ लिहिले. त्या वाहनांना दुपारी सकाळपेक्षा पन्नास-शंभर रुपये कमीच मिळाल्याचे बहुतेक वेळा दिसले. सौद्यानंतर वाहन काट्यावर जाते आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या माल उतरवण्याच्या आणि साठवण्याच्या जागेवर. ट्रॉली उपसताना ‘खाली माल वेगळा निघाला’ असे म्हणून ठरलेला भाव तोडण्याचा प्रयत्न होतो तो तिथे. आवारात लिलावाच्या वेळी चारचौघे असतात. खळ्यावर शेतकरी आणि त्याचा चालक एवढेच. सौद्याचे तंटे सोडवणाऱ्या वांधा समितीकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी पुन्हा तो दिवस मोडावा लागतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच खरेदीदारापुढे ट्रॉली उभी करायची असते.

आता मक्तेदारीचा मुद्दा. आमच्या समितीत परवानाधारक खरेदीदार शंभराच्या वर होते. रोज घोळक्यात फिरणारे वीस-पंचवीस असत. आणि ज्यांनी हात आखडला की बाकीच्यांचा आवाज आपोआप खाली येई, असे चार किंवा पाच. एका घरातले तीन परवाने कागदावर तीन स्पर्धक म्हणून मोजले जात, बोलीत मात्र ते एकच. बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगासाठी कांदा बाजारांचा अभ्यास केला होता, तो २०१२ साली पुढे आला. त्याचाही रोख याच गोष्टींकडे होता: उलाढालीचा मोठा वाटा मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती, आणि नव्याला आत येणे अवघड.

हे अवघड का, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. लोक म्हणतात परवाने मिळत नाहीत, गाळे मिळत नाहीत. ते काही प्रमाणात खरे आहे. पण खरा परवाना खेळत्या भांडवलाचा आहे. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी किंवा चोवीस तासांत द्यायचे, असा नियम आणि रिवाज दोन्ही आहेत. उलट कोलकाता, गुवाहाटी किंवा चेन्नईच्या दुकानदाराला माल पाठवायचा तो उधारीवर. पैसे येतात पंधरा-वीस दिवसांनी, कधी महिन्याने, आणि येतात तेही ‘माल भिजला, वाटेत सडला’ अशी कात्री लागून. म्हणजे रोज दोनशे क्विंटल घेणाऱ्या लहान व्यापाऱ्याचे वीस दिवसांचे, म्हणजे चार हजार क्विंटलचे पैसे कायम बाहेर अडकलेले असतात. क्विंटलला १,५०० रुपये धरले तरी ती रक्कम साठ लाख होते. रेल्वेने माल पाठवायचा तर उडी आणखी मोठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने आपल्या साठ्यातला १,६०० टन कांदा एका मालगाडीने दिल्लीला नेला. ‘कांदा एक्सप्रेस’ म्हणून त्याचे बरेच कौतुक झाले. ट्रॉलीत वीस क्विंटल धरले तर त्या एका गाडीत आठशे ट्रॉल्यांचा माल होतो. एवढा कांदा चार दिवसांत गोळा करून त्याचे पैसे चुकते करणारे पट्ट्यात किती आहेत, हे बोटांवर मोजता येते, आणि ते सगळे एकमेकांना ओळखतात.

संगनमतासाठी बैठक लागत नाही, असे मी नेहमी म्हणतो ते यामुळेच. रोज सकाळी तीच माणसे त्याच ओळीतून चालतात, एकमेकांची गरज ओळखून असतात, आज कोणाची गाडी भरायची आहे आणि कोणाच्या खळ्यावर माल पडून आहे हे सर्वांना माहीत असते. पहिल्या दहा ट्रॉल्यांचा भाव मोठ्या खरेदीदाराने ठरवला की उरलेला दिवस त्याच रेषेच्या आसपास जातो. गुन्हा सिद्ध करावा असे यात काही लेखी नसते. शिवाय अडवण्याची ताकदही असमान आहे. २० सप्टेंबर २०२३ पासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी निर्यात शुल्काच्या निषेधार्थ लिलाव बंद ठेवले आणि ते जवळपास दोन आठवडे बंद राहिले. व्यापाऱ्यांचे भांडण सरकारशी होते. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, कांदा सडत होता शेतकऱ्याचा. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या आणि तोलण्याच्या मजुरीच्या, शेतकऱ्याच्या पट्टीतून होणाऱ्या कपातीवरून पुन्हा तेच झाले. व्यापारी बाजार बंद करू शकतो. शेतकरी बंद करायचा म्हणाला तर आधी त्याचेच पीक कुजते.

इथे थोडे इतिहासात जातो, कारण बाजार समिती म्हणजे मुळात शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी उभी राहिलेली संस्था, असा समज पक्का झाला आहे. आपल्या भागातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंजा लाडचे नाव घेतले जाते. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने तिथला कापूस बाजार नियमांखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागची निकड मँचेस्टरच्या गिरण्यांची होती: कापूस शुद्ध मिळावा, वेळेवर मिळावा, रास्त भावात मिळावा. नियम खरेदीदाराच्या सोयीने जन्मले. विकणाऱ्याच्या न्यायाचा विचार १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्यात आणि पुढच्या वर्षीच्या शाही कृषी आयोगाच्या शिफारशींत ठळकपणे आला, आणि आजच्या समित्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यावर उभ्या आहेत. लासलगावची समिती १९४७ ची. या नियमांनी शेतकऱ्याला काहीच दिले नाही असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे गेले, उघडी बोली आली, काटा तपासला जाऊ लागला, पैसे बुडाले तर दाद मागायला एक दार मिळाले. माझ्या वडिलांच्या पिढीने यातले काहीच नसलेला बाजार पाहिला होता.

समितीच्या संचालक मंडळाची रचना पाहा. अठरा जागांपैकी अकरा सहकारी सोसायट्यांच्या प्रतिनिधींतून, चार ग्रामपंचायतींतून, दोन व्यापारी-अडत्यांच्या आणि एक हमाल-मापाऱ्यांची. कागदावर शेतकऱ्यांचे निर्विवाद बहुमत. प्रत्यक्षात सोसायट्यांचे मतदार मोजके, त्यामुळे निवडणूक तालुक्याच्या दोन-तीन राजकीय घराण्यांत लढली जाते, आणि निवडून आलेल्या मंडळाचे उत्पन्न बाजार शुल्कावर, म्हणजे आवारात किती उलाढाल झाली यावर चालते. मोठा व्यापारी शेजारच्या समितीत गेला तर उलाढाल त्याच्याबरोबर जाते. त्याला दुखवायला कोण धजावणार? शेतकऱ्यांना थेट मताधिकार देणारी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली आणि २०२० मध्ये ती मागे घेतली गेली; त्या तीन वर्षांत आवारात फार काही बदलले नाही, कारण बोली लावणारे तेच राहिले. मंडळावर कोण बसतो यापेक्षा ओळीतून कोण चालतो, हे बाजारात जास्त मोलाचे आहे.

आता थांबण्याचा हिशोब करून पाहू. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, आणि वर्षभराच्या पिकातला साठ-सत्तर टक्के कांदा हाच असतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत देश तोच खातो. समजा एका शेतकऱ्याकडे एप्रिलात २०० क्विंटल कांदा आहे आणि भाव आहे १,२०० रुपये. लगेच विकला तर हाती येतात २,४०,००० रुपये. चाळीत भरला तर सप्टेंबरपर्यंत घट, सड आणि कोंब फुटणे मिळून तीस टक्के जातो, म्हणजे उरतात १४० क्विंटल. निव्वळ तेवढेच पैसे मिळायला त्याला १,७१४ रुपये भाव हवा. व्याज, चाळीची डागडुजी आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला सडका कांदा निवडायची मजुरी त्यावर आणखी. त्याच वेळी जूनअखेर पीक कर्ज भरले नाही तर व्याजाची सवलत बुडते, मक्याचे आणि सोयाबीनचे बियाणे घ्यायचे असते, मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात. म्हणून मे आणि जूनमध्ये गरजेने विकणाऱ्यांची गर्दी होते आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत खळ्यांच्या चाळी भरून घेतल्या जातात. मागे राहतो तो मोठा शेतकरी, ज्याच्या घरात नोकरीचा पगार येतो. गावात ‘त्याने भाव बरोबर ओळखला’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते, त्याने बहुधा भाव ओळखलेला नसतो; त्याला जूनमध्ये पैशांची गरज नसते, एवढेच.

आणि ज्या मालाला थांबणे शक्यच नाही, त्या लाल कांद्याचे काय होते हे फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोला एक रुपया भाव लागला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे, आणि त्याला धनादेश मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. राज्य सरकारने पुढे क्विंटलला ३५० रुपयांचे अनुदान जाहीर केले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. अनुदानाला माझा विरोध नाही. मात्र त्यातून बोली लावणाऱ्यांची संख्या एकानेही वाढत नाही.

त्याच वर्षी दुसरी सत्ताही उघडपणे दिसली. वसंतात गारपीट आणि अवकाळी पावसाने उन्हाळ कांद्याची टिकवण बिघडली होती. तरीही लोकांनी जमेल तेवढा चाळीत ठेवला. ऑगस्टमध्ये भाव जरा उठू लागला आणि १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. तीन दिवसांनी, ओरड झाल्यावर, २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन खरेदी करू असे सांगितले गेले. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत जाहीर झाली. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद. ती बंदी ३१ मार्चपर्यंतची होती. मुदत संपण्याआधीच पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. अखेर ४ मे २०२४ रोजी ती उठली, ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचे लोकसभेचे मतदान २० मे रोजी होते. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या, त्यांतल्या दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री उमेदवार होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत हटली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. वीस महिन्यांत इतके फेरबदल. या काळात रोपे टाकणाऱ्या शेतकऱ्याने कोणत्या भावाचा अंदाज धरून लागवड करायची?

हे कोणा एका पक्षाचे पाप मानू नये. डिसेंबर २०१० मध्येही निर्यात बंद झाली होती, आणि तेव्हा सरकार दुसरे होते. चाकणचे कांदा आंदोलन १९७८ चे, नाशिकचे ऊस-कांदा आंदोलन १९८० चे. शरद जोशी तेव्हा हेच मांडत होते की शेतमालाचा भाव पडतो तो निसर्गाने कमी आणि धोरणाने जास्त. १९९८ मध्ये दिल्लीची विधानसभा कांद्याने हातची घालवली, हा धडा सर्व पक्षांनी पाठ केला. खाणारे देशभर पसरलेले, पिकवणारे चार-पाच राज्यांतल्या काही पट्ट्यांत एकवटलेले. मतांचा हा हिशोब कोणत्याही सरकारला समजतो.

पण मतांपलीकडे एक संस्थात्मक कारण आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. किंमत स्थिरीकरण निधी २०१४-१५ मध्ये सुरू झाला तेव्हा तो कृषी खात्याकडे होता. १ एप्रिल २०१६ पासून तो ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला. म्हणजे साठ्यासाठी कांदा कधी घ्यायचा, किती घ्यायचा, कोणत्या शहरात कोणत्या दिवशी ओतायचा, हे ठरवणाऱ्या विभागाचे काम ग्राहकाला स्वस्त मिळेल हे पाहण्याचे आहे. निर्यातीचा आदेश वाणिज्य खात्याचा, शुल्क अर्थ खात्याचे, साठ्याची मर्यादा पुन्हा ग्राहक व्यवहाराची. या साखळीत कृषी खात्याचा शब्द नेमका कुठे लागतो, हे इतक्या वर्षांत मला सापडलेले नाही. दुसरीकडे २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचे वजन ०.६४ टक्के होते. दिसायला क्षुल्लक, पण कांदा दुपटीने-तिपटीने हलतो, त्यामुळे एवढ्याशा वजनानेही आकडा हलतो आणि त्याच्याबरोबर मथळे हलतात. व्याजदराचे हत्यार कांद्यावर चालत नाही, म्हणून बंदीचे चालवले जाते. घरकर्जाचा हप्ता आणि निफाडची ट्रॉली यांचा संबंध इथे आहे.

सरकार उतरले म्हणजे मक्तेदारी मोडते, असेही नाही. पुष्कळदा तिचे नाव बदलते. २०२४ च्या बंदीच्या काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिरातींसह सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवण्याची मुभा दिली गेली, पण ती राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत. सर्वांत कमी दराच्या निविदेने माल घ्यायचा, असा तिचा रिवाज. म्हणजे परदेशात मागणी होती, तिथे भावही होता, आणि इथल्या शेकडो निर्यातदारांच्या जागी एकच दार उघडे होते. त्याच सुमारास गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वेगळी परवानगी मिळाली तेव्हा आमच्याकडे जो संताप झाला, तो टनांच्या आकड्यामुळे नव्हता. केंद्राच्या साठ्यासाठी कांदा घेणाऱ्या ‘नाफेड’ आणि ‘एनसीसीएफ’ या सहकारी संस्थांच्या खरेदीचेही तसेच आहे. ही खरेदी लिलावात उतरून झाली असती तर घोळक्यात एक दणकट खरेदीदार वाढला असता आणि त्या चार-पाचांना बोली चढवावी लागली असती. ती बहुतांशी आवाराबाहेरच्या केंद्रांवर, ठरवून दिलेल्या दराने झाली. आवारातला भाव जिथल्या तिथे राहिला.

मोठ्या कंपन्यांविषयी थोडक्यात. कांद्यात त्यांचे राज्य अजून तरी नाही. बियाणे बरेचसे घरचे किंवा शेजारच्या गावातले असते. खरी कंपन्यांची पकड पाहायची तर कापसाकडे पाहावे लागेल, जिथे देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांखाली आहे आणि त्यामागचे तंत्रज्ञान प्रामुख्याने एकाच कंपनीकडून आले. बियाण्याच्या पाकिटाची किंमत अखेर सरकारला आदेश काढून बांधावी लागली. कांद्याच्या प्रश्नात ‘कॉर्पोरेट’ हा शब्द आला की मला शंका येते की बोलणाऱ्याने खळे पाहिलेले नाही.

मग समित्या मोडाव्यात का? बिहारने २००६ मध्ये आपला बाजार समिती कायदाच रद्द केला. खासगी गुंतवणुकीचा पूर आला नाही. आवारे ओस पडली आणि शेतकरी गावातल्या व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावाने विकू लागला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. दुसरा बदल मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. २०२० च्या कृषी कायद्यांबरोबर जीवनावश्यक वस्तू कायद्यात जी दुरुस्ती झाली होती, तिने नाशवंत मालाचा भाव दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालायची नाही असे म्हटले होते. कायदा ताजा असतानाच त्या ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्यावर २५ टनांची मर्यादा आली आणि त्याआधी सप्टेंबरात निर्यातबंदी. पुढच्या वर्षी ते कायदे मागे घेतले गेले. त्या वादात मी कोणत्या बाजूला होतो असे लोक विचारत. माझे उत्तर तेव्हाही हेच होते की आवाराची भिंत पाडल्याने खरेदीदार वाढत नाहीत. खेळते भांडवल स्वस्त झाले आणि निर्यातीचा नियम आधीच माहीत असला तर वाढतात. कोणत्या भावाला किती शुल्क लागेल याचे कोष्टक नोव्हेंबरात, उन्हाळ कांद्याची रोपे लावणीला येण्याआधी जाहीर करावे आणि वर्षभर त्याला हात लावू नये. पूर्ण बंदी हा पर्यायच त्यातून वगळावा. ग्राहकाचे हित त्यातही सांभाळता येते. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखवले की कांद्यावर ग्राहकाने खर्च केलेल्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्याकडे येतात. उरलेल्या ६४ पैशांत हात घालण्याऐवजी प्रत्येक वेळी या ३६ पैशांतच हात का घातला जातो, याचे कारण सोपे आहे: तो हात तिथे सहज पोहोचतो.

आता तुमच्या कंपनीविषयी. काढा, पण तिच्याकडून काय होईल आणि काय होणार नाही हे जाणून काढा. आमच्या कंपनीची पहिली गाडी आम्ही ईशान्येकडे पाठवली तेव्हा आनंदाने पेढे वाटले. वीस टन कांदा, बोललेला भाव आमच्या बाजारापेक्षा क्विंटलला तीनशेने जास्त. तिथल्या दुकानदाराने पाचव्या दिवशी कळवले की चाळीस गोण्या ओल्या निघाल्या. पैसे आले सव्विसाव्या दिवशी, दोन तुकड्यांत, कापून. तोवर सभासदांनी दारात येऊन विचारायला सुरुवात केली होती, आणि त्यांचे चुकत नव्हते. बाजारात त्यांना त्याच दिवशी पैसे मिळाले असते. दोन संचालकांनी सोने ठेवून ती वेळ निभावली. भाड्याचे आणि कपातीचे गणित झाल्यावर तीनशेतले साठ रुपये उरले. व्यापारी एवढा फरक का घेतो, हे मला त्या महिन्यात अठरा वर्षांच्या नोकरीपेक्षा जास्त समजले.

म्हणून नोंदणीची घाई करण्याआधी तीन आठवडे पैसे बाहेर राहिले तरी सभासदांना चोवीस तासांत देता येतील एवढी रक्कम जुळवा; आठवड्याला दोन गाड्यांचा व्यवहार धरला तर १,५०० च्या भावाने ती अठरा लाखांच्या घरात जाते, कपात आणि सड वेगळी. पहिली दोन वर्षे दूरच्या बाजाराच्या नादी लागू नका. तुमच्याच समितीचा खरेदीदार परवाना काढा आणि घोळक्यात चालायला लागा. रोज दहा ट्रॉल्या घेतल्यात तरी पुरे. तुमच्या सभासदांच्याच नव्हे, कोणाच्याही. ज्या सकाळी ते चार-पाच जण अकराशेवर थांबतील, त्या सकाळी अकराशे पंचवीस म्हणणारा एक आवाज तिथे असला पाहिजे, आणि त्याच्याकडे संध्याकाळी द्यायला पैसे असले पाहिजेत.